दोन्ही दारांतून

३ मार्च, मंगळवार

आज दोन गोष्टी घडल्या आणि दोन्ही माझ्या मनाविरुद्ध.

पहिली म्हणजे मेहुणा नवी गाडी घेऊन आला. हा बायकोचा धाकटा भाऊ. बोलायला लागला की शोरूममधला विक्रेता समोर उभा असल्यासारखं वाटतं, म्हणून मी त्याला मनातल्या मनात 'शोरूम' म्हणायचो. हल्ली तोंडावरही म्हणतो, त्याला तो मान वाटतो. त्याच्या गाडीला जागा करायला त्याने आमची सात सीटांची गाडी मागे घेतली. रेडिओ चालू होता. खाली उतरून म्हणतो, "भाऊजी, तुमच्या गाडीतल्या बातमीदाराला पडसं झालंय का हो?"

आई हसली. माझी सख्खी आई!

आमच्या गाडीत स्पीकर दोनच, पुढच्या दोन दारांत, कंपनीने दिलेले. उजवा खरखरतो, डावा गुणगुणतो. पण आमचं कधी काही अडलं नाही. गाडीत मी बोलत असतो, रेडिओ ऐकायचा कोणी?

दुसरी गोष्ट चहाच्या वेळी. बायकोने चहा गाळता गाळता, गाळणीकडे बघत सांगितलं की तिने लिहिलेली गोष्ट रेडिओवर लागणार आहे. रविवारी सकाळी दहाला लोकांनी पाठवलेल्या गोष्टी लावतात, त्यात. तिच्याच आवाजात. तिने गोष्ट लिहिली हेच मला ठाऊक नव्हतं. केंद्रावर जाऊन ती वाचूनही आली, हे तर नव्हतंच. मागच्या आठवड्यात "बँकेत जाऊन येते" म्हणाली, ती बँक म्हणजे हीच.

"मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

आता गोष्ट लिहिलीस का, असं कोण कोणाला उठून विचारतं? मला आनंद झाला की राग आला, हे अजून ठरलेलं नाही. बहुधा दोन्ही.

गोष्ट लागणार बावीस तारखेला. नेमक्या त्याच सकाळी लेकीला तिच्या नोकरीच्या गावी पोचवायचंय. तिथला घरमालक किल्ली देणार तो रविवारीच. म्हणजे दहा वाजता आम्ही सगळे रस्त्यावर. बायको म्हणाली, "तुम्ही सगळे जा. मी घरी थांबून ऐकते." शोरूम लगेच म्हणाला, "घरी कशाला? ताई, तू माझ्या गाडीत बस. थिएटर आहे, थिएटर!"

माझं डोकं सणकलं. बायको माझी, आवाज तिचा, आणि ऐकायचा शोरूमच्या गाडीत? मी तिथेच सांगून टाकलं, बावीस तारखेच्या आत आमच्या गाडीत नवे स्पीकर लागतील आणि ते मी स्वतः लावेन. चाळीस वर्षं लोकांच्या घरांचं वायरिंग केलंय. दोन दारं म्हणजे काय डोंगर आहे?

बायको म्हणाली, "बघू." तिचं 'बघू' मला चांगलं माहितीय. त्यातून आजवर 'हो' निघालेलं नाही.

५ मार्च, गुरुवार

उजवं दार उघडलं. म्हणजे दाराला आतून जे प्लॅस्टिकचं पॅनल असतं, ते काढलं. हँडलच्या मागे एक स्क्रू लपवलाय, तो सापडेपर्यंत कंपनीच्या इंजिनियरचा मनसोक्त उद्धार केला. बाकी पॅनल क्लिपांवर बसतं. ओढायचं, की सुटतं. तीन क्लिपा सुटल्या, दोन तुटल्या.

आतला स्पीकर बघून हसावं की रडावं कळेना. कागदाचा कोन, त्याला कडेने भेग, मागे चुंबक केवढं, तर शर्टाच्या बटणापेक्षा थोडं मोठं. एवढ्या मोठ्या गाडीत हे असलं काही घालतात आणि वर 'म्युझिक सिस्टीम' म्हणून छापतात! बायकोला नेऊन दाखवला. तिने तो हातात धरला, भेगेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बिचारा. एवढ्यावर इतकी वर्षं बोलला."

७ मार्च, शनिवार

जुना स्पीकर पिशवीत घालून दुकानात गेलो. दुकानदार पोरगेलासा, पण जिभेला हाड नाही. इतके वॉट, तितके वॉट. मी म्हटलं, वॉट मला शिकवू नकोस, वॉटवर जन्म गेलाय माझा. मला एवढंच सांग, बाई बोलली तर बाईच बोलतेय असं कशातून वाटेल? त्याने आतल्या फळीवरून एक जोडी काढली, मधे छोटी रेशमी टोपी असलेली. दुकानातल्या पाटावर लावून दाखवली. कोणीतरी बाई बोलत होती, काय ते कळलं नाही, पण ओठ ओले करून बोलतेय हेसुद्धा ऐकू आलं. तीच घेतली.

"फिटिंग आम्ही करून देतो, काका," तो म्हणाला. मी नुसता हसलो. ज्या माणसाने भरल्या भिंतींतून वायरी ओढल्या, त्याला दाराचं काय कौतुक?

९ मार्च, सोमवार

मोठाच घोळ. नवा स्पीकर भोकात झकास बसला, मापात, जणू त्याच्यासाठीच कापलं होतं. पॅनल लावलं. काच खाली घेतली, तर अर्ध्यावर खट्. नव्या स्पीकरचं चुंबक जाड, ते दाराच्या पोटात खोलवर जातं आणि खाली येणारी काच त्यालाच धडकते. म्हणजे आता स्पीकर हवा असेल तर काच बंद आणि काच हवी असेल तर स्पीकर बंद.

उपाय सरळ आहे. स्पीकरच्या खाली जाड कडं घालायचं, म्हणजे तो दारापासून थोडा वर उचलला जातो. लाकडाचं कडं पावसापाण्यात फुगेल, कारण दाराच्या आत पाणी झिरपतंच. प्लॅस्टिक हवं, जाड, टणक. घरभर शोधलं आणि शेवटी स्वयंपाकघरात भाजी चिरायचा पांढरा फळा दिसला. पाण्यात राहून त्याचं काही बिघडलेलं नाही, हे तर सिद्धच होतं.

बायको शेजारी गेली होती. ती येईपर्यंत दोन कडी कापून झाली होती. फळ्याचं उरलेलं तिने बघितलं, मला बघितलं. म्हटलं, आता बरसणार. तर म्हणाली, "याच्यावर कांदा चिरायचे मी. गाडीला वास येईल." आणि बटाटे ताटात चिरायला बसली.

११ मार्च, बुधवार

दोन्ही कडी बसली. दोन्ही काचा खाली-वर, खाली-वर. आईने खिडकीतून विचारलं, "काय रे, काचेशी खेळतोयस का?" खेळतोय. मग?

१४ मार्च, शनिवार

वायरिंग पूर्ण. आजचा दिवस माझा.

खरखरीचं खरं कारण सापडलं. दार आणि गाडीच्या मधे रबरी नळी असते, दार उघडलं-मिटलं की ती वाकते, आणि आतल्या वायरी वाकून वाकून तुटायला आल्या होत्या. सगळ्या नव्या ओढल्या. त्या नळीतून वायर ओढणं म्हणजे काय असतं, ते माझ्या बोटांना विचारावं.

डॅशबोर्डच्या खाली बघितलं तर रेडिओच्या सेटमधून प्रत्येक स्पीकरला दोन-दोन वायरी निघतात. एक जायची, एक परतीची. दोन स्पीकरना दोन वेगळे परतीचे रस्ते! कशासाठी? घरात शंभर दिवे असले तरी परतीचा रस्ता एकच असतो, सगळे न्यूट्रल एका ठिकाणी. कंपन्यांना वायर काय, फुकट मिळते. मी दोन्ही स्पीकरच्या परतीच्या वायरी एकत्र पिळल्या, त्यावर लग, म्हणजे भोक असलेली धातूची टोपी, दाबला आणि डॅशबोर्डखालच्या बोल्टवर गाडीच्या अंगालाच आवळून टाकला. सेटमधून आलेल्या त्या दोन जादा वायरींना टेप गुंडाळून बाजूला सारलं. जॉइंट इतका देखणा झालाय की झाकून टाकायला जीव होत नव्हता.

शोरूमला फोन करून सांगितलं, उद्या दहाला ये. उद्याची गोष्ट गाडीतच ऐकू. म्हणजे पुढच्या रविवारची रंगीत तालीमच.

१५ मार्च, रविवार

लिहायची इच्छा नाही. पण चांगलं तेवढंच लिहायचं, तर वही कशाला ठेवली?

सगळे दारातल्या गाडीत बसले. मी ड्रायव्हरच्या जागी, शेजारी शोरूम, मधे आई आणि बायको, मागे लेक. रेडिओ लावला. गाणं चालू होतं. काय तो आवाज! बासरी दोन्ही दारांतून, तबला दोन्ही दारांतून. शोरूमचं तोंड उघडं राहिलं. मी सावकाश सगळ्यांकडे बघून घेतलं.

थोड्या वेळाने आई म्हणाली, "गाणारा कुठेय?"

"नुसतं वाजवायचं असेल हे," मी म्हटलं.

"या गाण्याला शब्द आहेत. मला पाठ आहे." आणि आई गायला लागली. वाद्यं तिला बरोबर साथ देत होती. मग दहा वाजले. कार्यक्रमाची धून वाजली, छान वाजली. मग काहीच नाही. आम्ही थांबलो. मग थोडी सतार, पुन्हा शांतता, पुन्हा थोडी सतार.

"केंद्र बिघडलंय," मी म्हटलं.

लेकीने फोनवर तेच केंद्र लावलं. एक बाई खणखणीत आवाजात गोष्ट सांगत होती. लेकीने फोन बंद केला, माझ्यासाठीच केला असावा, पण जे व्हायचं ते झालं होतं. शोरूमने हसू दाबायचा प्रयत्न केला आणि ते नाकातून बाहेर आलं.

"भाऊजी, ग्रेट आहात," तो म्हणाला. "सगळ्या जगात असा रेडिओ नसेल. सगळं वाजतं, फक्त माणूस बोललं की गप्प."

आई म्हणाली, "यापेक्षा ते पडसं बरं होतं."

बायको दाराकडे बघत होती, जिथून तिचा आवाज यायचा होता आणि येणार नव्हता. उतरताना शोरूम म्हणाला, "ताई, मग पुढच्या रविवारी माझ्याच गाडीत." ती म्हणाली, "हो."

'बघू' नाही. सरळ 'हो'.

१६ मार्च, सोमवार

दोन्ही स्पीकर काढून उलटे केले, सुलटे केले. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. तेच. एक गायक, तीन निवेदक आणि एक मंत्री माझ्या गाडीत येऊन मुके झाले. मंत्र्याचं वाईट वाटलं नाही.

लेक म्हणाली, "बाबा, दुकानात दाखवू या ना." मी तिच्यावर खेकसलो. मग तिला चहा करून दिला.

१८ मार्च, बुधवार

शोध लागला! मीच लावला. कसा, ते नीट लिहून ठेवतो.

दुपारी मी डॅशबोर्डखाली उताणा पडलो होतो, पाय दाराबाहेर. बायको चहा घेऊन आली. मी बाहेर येईना, म्हणून ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि वेळ जावा म्हणून सेटचं बटण फिरवत राहिली. आवाज डावीकडे जास्त की उजवीकडे जास्त, हे ज्याने ठरतं ते बटण. बातम्या चालू होत्या. म्हणजे शांतता चालू होती.

एकदम बातमीदार बोलला! "...पिकांचे नुकसान झाले असून..." आणि पुन्हा गप्प.

"हात लावू नकोस!" मी खालून ओरडलो.

"हात लावला म्हणून तर बोलला," ती म्हणाली. "हे बघा. सगळं डावीकडे नेलं की बोलतो. सगळं उजवीकडे नेलं तरी बोलतो. मधे आणलं की गप्प."

"असं कसं होईल?"

"मला काय माहीत कसं होईल. दोघांनी एकदम सारखंच बोलायला घेतलं की काहीच ऐकू येत नाही, एवढं खरं. एकाने थांबावं लागतं."

मी तिला म्हटलं, जरा गप्प बस, मला विचार करू दे. आणि तेवढ्यात डोक्यात लख्ख झालं! माणसाचा आवाज दोन्ही बाजूंना अगदी सारखा पाठवतात, म्हणून तो मधून आल्यासारखा वाटतो. वाद्यं कुठे कमी, कुठे जास्त. आणि मी काय केलं होतं? दोन्हींचा परतीचा रस्ता एकत्र बांधला होता. डावीकडून जेवढा जोर, तेवढाच उजवीकडून. दोघं समोरासमोर उभे, कोणी हलायला तयार नाही. जे दोन्हीकडे सारखं ते जागच्या जागी मेलं, आणि जिथे फरक होता तेवढीच सतार वाजली. घरात एकच न्यूट्रल चालतो. इथे ज्याचा त्याला परतीचा रस्ता वेगळा हवा.

बोल्ट सोडला आणि अंगावर काटा आला. बोल्टखाली गाडीचा रंग जाडजूड, लगचा पत्र्याला स्पर्शच झालेला नाही. म्हणून काम बिघडलं असं मी म्हणणार, तेवढ्यात सेटवरची बारीक अक्षरं वाचली. स्पीकरची वायर गाडीच्या अंगाला लावाल तर सेट जळेल, असं साफ लिहिलंय. त्या रंगाने वाचवलं. चाळीस वर्षं मी रंग खरवडून जॉइंट केले आणि याच एका वेळी विसरलो, हे केवढं नशीब!

माझा तो देखणा जॉइंट कापला. टेप गुंडाळलेल्या दोन वायरी सोडवल्या, ज्याची त्याला जोडली. बटण मधोमध आणलं. बायको सीटवर तशीच बसलेली, हातात माझा गार चहा.

"...उद्या आकाश निरभ्र राहील," एक बाई म्हणाली. पुढच्या काचेच्या मागे, अगदी समोर बसून म्हणाली. इतकं सुंदर हवामान मी आजवर ऐकलं नव्हतं.

मी बायकोकडे बघितलं. ती हसत होती, पण डोळे भरले होते. मी म्हटलं, "बघ, शोधून काढलं की नाही?" ती म्हणाली, "काढलंत." मग म्हणाली, "भावाला सांगते, त्याच्या गाडीत नको म्हणून." एवढं बोलून कप घेऊन आत गेली. मी तिथेच पडून राहिलो आणि उरलेलं सगळं हवामान ऐकलं.

२० मार्च, शुक्रवार

दारांना आतून चिकट रबरी पत्रे लावले, म्हणजे पत्रा थरथरत नाही. दार आता 'धप्प' असं लागतं. शोरूम फोनवर म्हणाला, "ताई कुठे, तिथे मी. माझी गाडी घरी ठेवतो." मी म्हटलं, "ये की. मागे लेकीच्या गाद्यांच्या मधे जागा आहे."

बायकोचं कशात लक्ष नाही. भाजीत मीठ दोनदा. संध्याकाळी लेकीची पुस्तकं बांधता बांधता मला म्हणाली, "एक सांगू? मी वाचत असताना मधे बोलू नका."

"मी कधी मधे बोलतो?"

लेकीला अचानक ठसका लागला.

खरं लिहायचं तर मलाही धाकधूक आहे. स्पीकरची नाही, गोष्टीची. वाईट असली तर? मी खोटं बोलू शकत नाही, चेहऱ्यावर दिसतं. आणि चांगली असली, तर इतकी वर्षं ती हे सगळं कुठे ठेवत होती? मला दिसलं कसं नाही? या दुसऱ्या विचाराने जास्त अस्वस्थ वाटतं. का, ते सांगता येणार नाही.

२२ मार्च, रविवार

सकाळी नऊला निघालो. टपावर लेकीची कॉट, मागे गाद्या आणि गाद्यांत शोरूम. शेजारच्या सीटवर बायकोला बसवलं. आई आणि लेक मधे, आईच्या मांडीवर मिक्सर. गाव मागे पडलं, रस्ता मोकळा होता. मी रेडिओ लावला आणि आवाज जरा कमीच ठेवला.

धून वाजली. निवेदकाने बायकोचं नाव घेतलं, नुसतं तिचं, पुढे-मागे माझं काही नाही. आणि मग ती बोलायला लागली. माझ्या डाव्या हाताला ती बसली होती, ओठ घट्ट मिटून, आणि बोलत होती समोरून, काचेच्या मधोमध, दोन्ही दारांतून. घशातला छोटा खाकर, वाक्य संपताना जराशी हळू होण्याची तिची सवय, सगळं. मी एवढ्या जवळून तिचा आवाज कधी ऐकला होता ते आठवेना.

गोष्ट अशी. एक बाई असते. तिचा नवरा वायरमन. गावभर बेला लावतो, पण स्वतःच्या दारावरची बेल काही दुरुस्त करत नाही. (ऐकून माझं पित्त खवळलं. असला कामचुकार माणूस माझ्या हाताखाली असता तर दुसऱ्या दिवशी घरी बसवला असता. पण मधे बोललो नाही.) बेल बंद, म्हणून लोक दार वाजवतात, आणि बाई हळूहळू प्रत्येकाला आवाजावरून ओळखायला लागते. शेजारीण बांगडीने वाजवते. पोस्टमन पंजाने. मुलगी दोन्ही हातांनी, वर एक लाथ. सासू एकदाच कडी वाजवते आणि दार उघडायच्या आत बोलायला सुरुवात करते.

"खोटं नाही त्यात," आई म्हणाली. लेकीने तिला दटावलं.

आणि नवरा? तो वाजवतच नाही. तो हत्यारांची पिशवी दाराबाहेर खाली ठेवतो, तेवढंच. दणकन ठेवली, की गिऱ्हाइकाशी वाजलंय. सावकाश ठेवली, की काम मनासारखं झालंय. पिशवीचा आवाजच आला नाही आणि तो नुसता उभा राहिला, की त्या दिवशी त्याला शॉक बसलाय आणि तो तिला सांगणार नाहीये. तशी ती चहात साखर घालते. त्याला वाटतं, चहा रोज सारखाच असतो.

इथे मला समोरचा रस्ता नीट दिसेना. गाडीचा वेग कमी केला. वायपर लावून बघितला, पण काच कोरडीच होती. रडू आलं होतं, सरळ लिहितो. त्या गोष्टीतल्या वायरमनचं मला फार वाईट वाटलं आणि हेवाही वाटला.

शेवटी एके दिवशी नवरा स्टूल घेतो, बेल दुरुस्त करतो. बेल वाजते. बाई दार उघडायला जाते. इथे सतार वाजली आणि निवेदक आभार मानायला लागला.

मग शोरूम गाद्यांतून म्हणाला, "ताई..." आणि पुढे त्याला बोलताच आलं नाही. शोरूमला! मग स्वतःला सावरून म्हणाला, "भाऊजी, आवाज एक नंबर. माझ्या गाडीत नसता आला असा." मी काही मिरवलं नाही. फक्त म्हटलं, "पुन्हा एकदा बोल, नीट ऐकू आलं नाही." त्याने पुन्हा सांगितलं, मोठ्याने.

लेकीने मागून आपल्या आईच्या गळ्यात हात टाकले होते. बायको एकाच वेळी हसत आणि डोळे पुसत होती. मी म्हटलं, "छान होती. खरंच छान. शेवटही पटला. वायरमनने उशिरा का होईना, काम केलं."

तेवढ्यात आई म्हणाली, "शेवट कुठे झाला? परत लाव."

"आई, रेडिओ परत लावता येत नाही."

"मग हिला सांग म्हणावं. अर्धीच सांगितली."

बायकोने वळून आईकडे बघितलं. दोघी एकमेकींकडे बघून असं काही हसल्या की मला वाटलं माझ्या शर्टाला काही लागलंय. "वेळेत बसत नव्हतं, म्हणून त्यांनी शेवट कापला," बायको म्हणाली.

मी सेट बंद केला. "सांग," मी म्हटलं. "अगदी पहिल्यापासून सांग."

तिने सांगितली. पाठच होती. चालत्या गाडीत, नुसत्या तोंडाने, बांगडी, पंजा, लाथ, पिशवी. मी एकदाही मधे बोललो नाही, याला साक्षीदार आहेत. बेल दुरुस्त झाली तिथे ती आली, थांबली, आणि मग पुढचं सांगितलं.

"...त्या दिवसापासून सगळे सारखेच वाजायला लागले. शेजारीणही टिंगटाँग, पोस्टमनही टिंगटाँग. आणि नवराही पिशवी खांद्यावर तशीच ठेवून बोटाने बेल दाबायचा. दार उघडेपर्यंत कळायचंच नाही, आज कसा आलाय तो. एक आठवडा तिने काढला. मग एका दुपारी ती स्टुलावर चढली आणि नवऱ्याच्याच पकडीने वायर अशी कुरतडली, की बघणाऱ्याला वाटावं, उंदराने खाल्ली. त्याने पुन्हा जोडली. तिने पुन्हा कुरतडली. शेवटी तो कंटाळला."

मी गाडी कडेला घेतली. ब्रेक जरा जोरातच लागला, मागे शोरूमवर एक उशी पडली.

"उंदीर?" मी म्हटलं. "अगं, मी पिंजरे लावले होते! माळा उपसला! सगळ्या घराच्या वायरींवर पाइप चढवला! आणि एकटी तू त्या डगमगत्या स्टुलावर चढलीस? पडली असतीस तर?"

"एकटी कुठे?" आई मागून म्हणाली. "स्टूल मी धरलं होतं."